धर्मसिंगची राणी

वारंगा फाट्यावर सकाळच्या खिचडीची पहिली कढई उतरायच्या आत धर्मसिंग राठोडची गाडी धुऊन, पुसून उभी असते. दहा सीटची पांढरी गाडी, आत सेवालाल महाराजांचा फोटो, मागच्या काचेवर काहीच लिहिलेलं नाही. नांदेडहून आलेले, नागपूरकडून आलेले, लग्नासाठी येऊन एक दिवस मोकळा सापडलेले लोक फाट्यावर उतरतात, खिचडी खातात आणि विचारतात, "इकडं बघण्यासारखं काय आहे?" हॉटेलवाला हातातल्या झाऱ्यानंच गाडीकडं दाखवतो. "धरमकाकाला विचारा."

धरमकाका लगेच यादी सांगत नाही. आधी विचारतो, किती वाजेपर्यंत परत यायचं, सोबत म्हातारं माणूस आहे का, गाडीत कोणाला उलटी होते का. मग दिवस आखतो. शिरड शहापूरचं जैन मंदिर, औंढ्याचा नागनाथ, तिथून सिद्धेश्वर धरण, आणि वेळ उरला तर नामदेवांचं नर्सी. शिरडच्या अलीकडंच तो सांगतो, "चामड्याचे पट्टे, पाकिटं गाडीतच ठेवा. तिथं गेल्यावर दारात उभं राहून पॅन्ट सावरत बसू नका." औंढ्याला तो लोकांना सरळ दर्शनाच्या रांगेत लागू देत नाही. आधी बाहेरून अख्खं देऊळ फिरवतो.

"आत गेलात की डोळे मिटता," तो म्हणतो. "मग हे दगड कोण बघणार? आधी हत्ती बघा. एकाची सोंड दुसऱ्यासारखी न्हाई."

फेरी पूर्ण झाली की विचारतो, "नंदी कुठं दिसला?" लोक पुढं बघतात, नंदी मागं असतो. मग तो नामदेवांच्या कीर्तनाची आणि त्यासाठी तोंड फिरवलेल्या देवळाची गोष्ट सांगतो, पण सुरुवात "लोक असं सांगतात" अशीच करतो. सिद्धेश्वरला पोचल्यावर मात्र काही सांगत नाही. धरणाच्या भिंतीवर लोकांना नेतो, समोर पूर्णेचं पाणी पसरलेलं असतं, आणि स्वतः लांब जाऊन बसतो.

त्याचं शिक्षण सातवीपर्यंत. जन्म धोंडवाडीच्या वरच्या माळावरल्या वसराम तांड्यात. बापाची तीन एकर मुरमाड जमीन दोघा भावांत वाटली गेली, तेव्हा धाकट्याला शेत देऊन धर्मसिंग बाहेर पडला. चार हंगाम ऊस तोडला, मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि शेवटी स्वतःची गाडी. फाट्यावर दोन खोल्या आहेत. म्हातारी आई, नानीबाई, तांड्यातच धाकट्याकडं राहते. धर्मसिंग दर आठवड्याला तिला भेटून येतो.

त्याची सगळी कमाई म्हणजे त्याचं बोलणं. तो दुकानात नेऊन कोणाच्या गळ्यात वस्तू मारत नाही. "धरमकाका सांगतो ते बराबर असतं," असं फाट्यावर म्हणतात. आणि ते खरंही होतं. एक जागा सोडून.

ती जागा धोंडवाडीची बारव.

बारा वर्षांपूर्वी पुण्याचे आठ जण घेऊन तो औंढ्याहून सिद्धेश्वरला निघाला होता. धोंडवाडीजवळ गाडी गरम झाली. बॉनेट उघडून थांबावं लागणार होतं, आणि लोक चिडचिड करायला लागले होते. रस्त्यापासून शंभर पावलांवर, बाभळीच्या गचपणात एक जुनी बारव होती. लहानपणी धर्मसिंग तिथं पोहलेला. त्यानं लोकांना तिकडं नेलं.

"ही बारव. आमच्या लमाणांचे बैल इथं पाणी पीत."

आठ जणांनी खाली डोकावून बघितलं. एकानं घड्याळ बघितलं. एक बाई म्हणाली, "म्हणजे गुरांची विहीरच ना?"

"गुरांची" हा शब्द तिनं सहज वापरला होता, पण धर्मसिंगला तो कानशिलात बसल्यासारखा लागला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "तसं न्हाई. आधी राणीची व्हती."

"कोणती राणी?"

आदल्या दिवशी फाट्यावर एका ट्रकच्या मागं चंद्रावळ असं लिहिलेलं त्यानं वाचलं होतं. "चंद्रावळ राणी," तो म्हणाला. मग गोष्ट आपसूक पुढं सरकली. बाकी बारवांना पायऱ्या असतात, हिला एका बाजूनं लांब उतार होता. तो राणीची पालखी खाली न्यायला. काठावर दगडी ओटा होता. तिथं राणी बसायची, दोन्ही बाजूंना दासी. लोकांनी उतारावर उभं राहून फोटो काढले. घड्याळ बघणारा माणूस ओट्याला टेकून उभा राहिला. गाडी थंड होऊन बराच वेळ झाला तरी कोणी निघायचं नाव घेईना.

पुढच्या खेपेला धर्मसिंगनं गाडी गरम झालेली नसतानाही तिथं थांबवली.

खोटं बोललो, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ते खोटं कामाला लागलं. लोक येतात म्हटल्यावर धोंडवाडीच्या माणिकराव पाटलांनी पोरं गोळा करून बाभळी तोडल्या. पुढच्या उन्हाळ्यात गाळ उपसला, चौऱ्याहत्तर ट्रॉल्या निघाल्या. त्रिपुरी पौर्णिमेला गाव बारवेत दिवे लावायला लागलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पालखीचं नाटक झालं. चंद्रावळ राणी मित्रमंडळाचा फलक लागला, त्यावर बारा पोरांचे गॉगल घातलेले फोटो. राणी गावची झाली, आणि ती कुठून आली हे विचारायची कोणाला गरजच पडली नाही. माणिकरावांना वाटायचं, धरमा तांड्यातला, जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगत असेल.

मग अकराव्या वर्षी दिवाळीनंतर पुनम आली. हट्टा गावची मुलगी, सिव्हिल इंजिनिअर. जुन्या वास्तूंच्या नोंदी करणाऱ्या एका संस्थेत ती काम करत होती, आणि जिल्ह्यातल्या बघण्यासारख्या ठिकाणांवर दगडी फलक बसवायचं काम त्या संस्थेकडं आलं होतं. चार दिवस ती बारवेत टेप घेऊन उतरत होती. धोंडवाडीच्या बायका तिला बारवेची डॉक्टरीण म्हणायला लागल्या होत्या.

एका दुपारी धर्मसिंगचे प्रवासी खाली फोटो काढत असताना ती वहीत बघत म्हणाली, "काका, एक विचारू? हा ओटा तीन फूट आठ इंच उंच आहे. तुमची राणी किती उंच होती?"

"काहून?"

"बसायची कशी? मी उडी मारून चढले तेव्हा कुठं बसता आलं. पाय लोंबकळत होते. राणीला शोभेल का असं?"

"दासी असतील की उचलायला."

"दासींनी बाईला उचलून भिंतीवर ठेवायचं? बरणीसारखं?" पुनम हसली, पण वही मिटली नाही. "आणि उतारावर आडव्या खाचा आहेत, पाय घसरू नये म्हणून. पालखीचे भोई पायऱ्यांवरून चांगले उतरतात. उताराची कोणाला गरज?"

धर्मसिंगनं प्रवाशांना हाका मारल्या आणि गाडी काढली.

दोन दिवसांनी ती फाट्यावर आली. खिचडी खाता खाता तिनं एक कागद पुढं केला. फलकाचा मजकूर होता. चंद्रावळ राणी, पालखीचा उतार, बसायचा ओटा, सगळं नीट पाच ओळींत. आणि खाली, माहिती : धर्मसिंग राठोड, वसराम तांडा.

"माझं नाव?"

"माहिती कोणी दिली ते लिहायचा नियम आहे. गावात दहा जणांना विचारलं काका. दहाही जण म्हणाले, धरमकाकानं सांगितलं. त्याच्या मागं गोष्ट जातच नाही." तिनं चमचा खाली ठेवला. "तुमचं ऐकून मी लिहिलंय. माप मला वेगळं सांगून राहिलंय, पण मापाला तोंड नसतं. तुम्ही वाचा, बराबर असेल तर सही करा. गुरुवारी कागद घ्यायला बारवेवर येते. शुक्रवारी दगड कोरायला जाईल."

ती गेल्यावर धर्मसिंगनं कागद चार वेळा वाचला. आपलं नाव छापलेलं त्यानं लायसनवर आणि मतदार यादीत बघितलं होतं. दगडावर बघायची कल्पनाच कधी केली नव्हती. घरात कोणाचंच नाव कुठल्या दगडावर नव्हतं. सही केली की झालं असतं. त्यानं पेनही काढलं. मग वाटलं, याडीला, म्हणजे आईला, एकदा वाचून दाखवावं, तिला बरं वाटेल.

बुधवारी दुपारी तो तांड्यात गेला. नानीबाई लिंबाखाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. वय पंचाहत्तरच्या पुढं, हातात अजून बलियांच्या बांगड्या, बोटं मात्र कामाला पोरीसारखी. घरी बोलणं लमाणांच्या गोरमाटीतच चालायचं.

"याडी, माझं नाव दगडावर येऊन राहिलंय."

"मेलास का काय?" तिनं वर न बघता विचारलं.

तो हसला आणि कागद वाचायला लागला. पहिल्या ओळीला नानीबाईचे हात चालू होते. पालखी आली तेव्हाही चालू होते. शेवटची ओळ, त्याचं नाव, वाचून झालं तेव्हा हात थांबलेले होते.

"त्या राणीच्या खाली तुझं नाव काहून?"

"मीच सांगितलं ना त्यांना."

"तुला कोणी सांगितलं?"

धर्मसिंगनं कागदाची घडी घातली.

"धोंडवाडीवाले दिवे लावतात, तिकडून लाऊडस्पीकर ऐकू येतो, राणी राणी," नानीबाई म्हणाली. "मी म्हणायचे, असेल त्यांची राणी. गाव त्यांचं, बारव त्यांच्या शिवारात, त्यांच्या आजा-पणजानं सांगितलं असेल. आपण काय बोलायचं? अकरा वर्षं मी असंच समजून बसले." तिनं शेंगांची पाटी बाजूला ठेवली. "आणि ती तुझी व्हय?"

"लोक थांबत नव्हते, याडी. गुरांची विहीर म्हणाले."

"मग? गुरांचीच हाय."

ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती चिडली नाही. सांगायला लागली. तिच्या सासऱ्याचा आजा वसराम नाईक, त्याच्या लदेणीत, म्हणजे माल वाहणाऱ्या काफिल्यात, दीडशे बैल. गाडी नाही, रस्ता नाही, मीठ-धान्याच्या गोण्या बैलांच्या पाठीवर. मुक्कामाला गोण्या उतरवायच्या, बैल पाण्यावर न्यायचे. बैलाला पायऱ्या उतरता येत नाहीत, म्हणून उतार. आणि ओटा गोण्यांसाठी. भरलेली गोणी जमिनीवर ठेवली तर सकाळी उचलायला चार माणसं लागतात. ओट्यावर टेकवली तर दोन बायासुद्धा ती बैलाच्या पाठीवर सरकवतात.

"तू बघितलं का?"

"लदेणी न्हाई बघितली. ती माझ्या सासऱ्यानं बी बघितली नव्हती, त्यानं नुसतं ऐकलं व्हतं. पण मी लग्न होऊन आले तेव्हा खाली गाडीवाट नव्हती. खळ्यावरची ज्वारी आमी त्याच ओट्यावरून बैलावर लादायचो. मी आणि तुझी काकी. तू माझ्या पोटात व्हतास." तिनं पाटी पुन्हा पुढं ओढली. "राणी चांगली हाय रे. पण त्या ओट्यावर तिनं एक तरी गोणी उचलली का?"

धर्मसिंग त्या दिवशी तांड्यातच राहिला. जेवताना भावाशी तुरीच्या भावाबद्दल बोलला, कागद खिशातच होता. त्याच्या डोक्यात सरळ हिशेब होता. सही केली तर नाव दगडावर जाईल, आणि ते नाव एका ट्रकवरच्या शब्दाखाली असेल. नाही केली तर अकरा वर्षं ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांसमोर तो खोटा ठरेल. गाईड म्हणून त्याच्याकडं लायसन नव्हतं, कागद नव्हता. लोक त्याच्या शब्दावर गाडीत बसत होते.

गुरुवारी सकाळी तो नानीबाईला गाडीत घेऊन बारवेवर गेला. पुनम आलेली होती. माणिकराव पाटीलही होते, फलक कुठं बसवायचा ती जागा दाखवायला. त्यांचा बैल, लाल अंगाचा, शेताकडं नेता नेता बाभळीला बांधलेला.

"ये धरमा," माणिकराव म्हणाले. "दगडावर चढला की भाऊ तू. आता पेढे फाट्यावरचे नको, नांदेडचे आण."

धर्मसिंगनं कागद काढून पुनमच्या हातात दिला. "सही केली न्हाई. हे खोटं हाय."

"कोणतं?" पुनमनं विचारलं.

"सगळं. राणी, पालखी, दासी. मी रचलं. गाडी गरम झाली व्हती, लोक चिडले व्हते. नाव ट्रकवरून घेतलं."

माणिकराव आधी हसले. त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी धर्मसिंगच्या तोंडाकडं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आमच्या पोरींनी राणीचं नाटक केलं रे. माझी नात राणी झाली व्हती. पैठणी नेसून."

"व्हय. मी बघायला व्हतो."

"बसून बघितलंस? टाळ्या वाजवल्यास?"

"वाजवल्या."

"धन्य हायेस." माणिकराव उतारापर्यंत चालत गेले आणि परत आले. "या राणीपायी आमी गाळ उपसला. चौऱ्याहत्तर ट्रॉल्या. हाताला फोड आले पोरांच्या."

"बैलांची म्हणून उपसला असता का, पाटील?"

माणिकरावांनी हातातली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "न्हाई," शेवटी ते म्हणाले. "न्हाई उपसला असता." मग पुनमकडं वळून, "पण ताई, बैलांचं तरी कशावरून खरं? त्याला कागद हाय का? एका तोंडानं राणी सांगितली, आज त्याच तोंडानं बैल. मी म्हणतो, दोन्हीला पुरावा न्हाई तर राणीच ठेवा. गावाला सवय झाली."

"मी सांगितले बैल," नानीबाई गाडीतून उतरत म्हणाली. "यानं न्हाई. पाटील, तुमचा बैल इकडं आणा जरा."

"कशाला?"

"आणा तर. खात न्हाई मी त्याला."

माणिकरावांनी बैल सोडला आणि ओट्याला लागून उभा केला. नानीबाईनं पदर खोचला, ओट्यावर दोन्ही हात ठेवले आणि मोकळ्या हातांनीच गोणी सरकवल्यासारखं केलं. एक ढकल, थोडं तिरपं, मग पलीकडून कोणी तरी ओढून घेतंय अशी थांबली. तिचे हात ओट्यावरून निघाले ते थेट बैलाच्या पाठीवर गेले. फारसे वर उचलावे लागले नाहीत. बैलानं कान हलवले आणि उभाच राहिला.

पुनम टेप घेऊन धावली. बैलाच्या खुरापासून पाठीपर्यंत माप घ्यायला लागली, तेव्हा बैल तिच्या ओढणीकडं तोंड नेऊ लागला. "पाटील, याला धरा ना!" ती ओरडली. माप निघालं चार फुटांना एक बोट कमी. बैलाची पाठ ओट्यापेक्षा चार बोटं वर होती. तिनं ते वहीत लिहिलं, मग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा उंची मोजली. तिथंही तेवढीच. ओटा चाळीस फूट लांब होता.

"एका वेळी पाच-सहा बैल उभे राहतील," ती स्वतःशीच म्हणाली.

"सहा," नानीबाई म्हणाली. "तोंडं एकीकडं केली तर."

माणिकराव जन्मभर बैल राखलेले गृहस्थ. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला, मग ओट्यावर ठेवला, पुन्हा पाठीवर. त्यांना टेपची गरज नव्हती.

"दिसतंय तर बराबर," ते नाखुशीनं म्हणाले. "पण हे बघायला कोण येणार, धरमा? राणीसाठी गाड्या थांबत व्हत्या. गोण्यांसाठी थांबतील?"

"ठाऊक न्हाई."

"मग राहू दे की राणी. मी कोणाला सांगत न्हाई. ताई बी सांगणार न्हाईत."

पुनम म्हणाली, "मी काय लिहायचं ते माहिती देणारा ठरवतो. काका, तुम्ही म्हणाल तेच कोरलं जाईल. पण आत्ता सांगा. दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही."

बारवेत खाली पाण्यावर दोन पारवे उतरले होते. धर्मसिंग त्यांच्याकडं बघत होता. मग म्हणाला, "राणी काढा. माझं नाव बी काढा. जिनं गोणी उचलली तिचं लिहा."

"माझं?" नानीबाई म्हणाली. "पाटलाला चालंल का?"

माणिकरावांनी बैलाचं दावं हाताला गुंडाळलं. "मला काय विचारता, याडी. माझा बैल आधीच साक्ष देऊन बसला." आणि धर्मसिंगकडं न बघता बैल घेऊन शेताकडं निघून गेले.

फलक महिन्याभरानं बसला. पुनमनं मजकूर लहान केला होता. ही बारव लमाण तांड्यांच्या माल वाहणाऱ्या बैलांसाठी बांधली असावी. उतार बैलांना पाण्यापर्यंत नेण्यासाठी, ओटा गोण्या टेकवण्यासाठी. काळ निश्चित माहीत नाही. माहिती : नानीबाई राठोड, वसराम तांडा.

धोंडवाडीनं धर्मसिंगशी बोलणं कमी केलं. चहाच्या टपरीवर त्याला बघून कोणी तरी म्हणायचं, "राणीसाहेबांचे वडील आले." मित्रमंडळाचा फलक एका वादळात फाटला आणि कोणी नवीन लावला नाही. पुढच्या त्रिपुरीला मात्र दिवे लागले. आधीच्यापेक्षा थोडे कमी, पण लागले. माणिकराव म्हणाले म्हणे, राणी नसली म्हणून बारव अंधारात काहून ठेवायची? धर्मसिंगला हे फाट्यावर दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

तो गाडी अजून तिथं थांबवतो. काही गाड्यांतले लोक दोन मिनिटांत परत फिरतात, काही ओट्याला हात लावून बघतात. आधीपेक्षा कमीच थांबतात, हे तो मान्य करतो.

जानेवारीत लातूरच्या बायांचा एक गट आला. त्यातल्या आशाबाई, रिटायर्ड नर्स, सहा वर्षांपूर्वी त्याच्याच गाडीतून येऊन गेलेल्या. बारवेच्या काठावर उभं राहून त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "आता काका राणीची गोष्ट सांगतील. ऐका हं, फार सुंदर सांगतात."

नऊ बाया त्याच्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"ती गोष्ट खोटी व्हती, बाई," धर्मसिंग म्हणाला. "मी बनवून सांगितली व्हती तुम्हाला. ही बैलांची बारव हाय."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. आशाबाईंचा चेहरा उतरला. फसवलं गेल्याचा राग होताच, पण त्याहून जास्त, इतक्या जणींना हौसेनं इथवर आणल्याची लाज होती.

"सहा वर्षं मी ती गोष्ट सगळ्यांना सांगतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवंडांना सांगितली." मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "आणि सकाळी औंढ्याला देऊळ फिरलं म्हणालात, तेही तुमचंच का?"

हा प्रश्न एक ना एक दिवस येणार, हे धर्मसिंगला फलक बसला त्या दिवसापासून ठाऊक होतं. रात्री झोपताना त्यानं त्याची चारपाच उत्तरं तयार करून ठेवली होती. आता त्यानं ती सगळी बाजूला सारली.

"न्हाई. ते माझ्या आधी किती तरी जणांनी सांगितलेलं हाय, म्हणून तिथं लोक सांगतात असं म्हणालो. खरं-खोटं देवाला ठाऊक. राणी माझ्या एकट्याची व्हती."

"आणि हे बैलांचं? हे कशावरून मानायचं आम्ही?"

"माझं मानू नका," तो म्हणाला. "जिचं नाव दगडावर हाय ती वर तांड्यात बसलीय. गाडीनं पाच मिनिटं. तिला विचारा. सिद्धेश्वरला जरा उशीर होईल, पण सांज व्हायच्या आत पोचवतो."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. एकजण गुडघ्याचं नाव सांगून आधीच गाडीत जाऊन बसली. आशाबाई काही वेळ फलक वाचत राहिल्या, चष्मा वर करून, पुन्हा खाली करून.

"चला," त्या म्हणाल्या.

लिंबाखाली नानीबाई सूप घेऊन बसली होती. नऊ अनोळखी बाया गाडीतून उतरताना बघून तिनं सूप बाजूला केलं, घरातून चटई मागवली, आणि धर्मसिंगला चूल पेटवायला सांगितली.

आशाबाई सगळ्यांत पुढं बसल्या. "आजी, तुमचा मुलगा म्हणतो की तुम्ही त्या ओट्यावरून गोण्या उचलल्यात. भरलेली गोणी किती जड असायची?"

"तुमी किती वजन उचलता, ते आधी सांगा," नानीबाई म्हणाली, आणि बाया हसल्या.

धर्मसिंग चुलीशी वाकून फुंकर घालत होता. आई पुढं काय सांगते ते तिथून नीट ऐकू येत नव्हतं. त्यानं दुधाचं भांडं चढवलं, साखर कुठं आहे ते धाकट्याच्या बायकोला विचारलं, आणि मधे पडला नाही.